फूल न तोडण्याचा वार

आठवड्यातून एक वार घरातल्या सगळ्यांनी आपल्याच सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, बसावं. तिथे काय उगवलं, काय उडतंय, काय सरपटतंय ते पाहावं, आणि त्या दिवशी तिथलं काहीही तोडू नये, पकडू नये, उपटू नये, असं माझं म्हणणं आहे. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात, तेही फाल्गुन-चैत्राच्या उन्हात, हे जमेल का आणि कशासाठी जमवायचं, याचा वाद पुढे मांडला आहे. आपल्या जुन्या ग्रंथांत पूर्वपक्षाला आधी पुरतं बोलू देत. जोतीराव फुल्यांनीही 1873 च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबाला प्रश्न विचारायला पुढे केलं. त्याच वाटेने इथे पूर्वपक्ष वहिनींकडे दिला आहे. त्या कुणी एक बाई नाहीत. काळ्या मातीच्या या पट्ट्यात वावर, ढोरं आणि चूल सांभाळणाऱ्या घरांतून जे आक्षेप येतील ते त्यांच्या तोंडी आहेत, आणि मला ते हलके वाटत नाहीत.

वहिनी : भाऊजी, वसंत पुस्तकातला. आमच्याकडे होळी झाली की पारा चढायला लागतो, वावरं उघडी पडतात, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली असते. रानफुलं बघायची तर श्रावणात बघावीत, तेव्हा पाय ठेवाल तिथे फूल असतं. चैत्रात सांदवाडीत काय दिसणार? न्हाणीचं पाणी, कुटाराचा ढीग आणि शेळीने खाल्लेला कढीपत्ता. वन्यजीवांचं म्हणाल तर कास्तकाराला त्यांचं कौतुक सांगू नका. हरभऱ्यात रोही शिरतात, रानडुकरं एका रात्रीत धुरा फोडून पीक लोळवतात. ज्यांनी जागली केली त्यांना प्राणी पाहण्याची हौस उरत नाही.

भाऊजी : रोही आणि रानडुकराचं तुमचं गाऱ्हाणं खरं आहे, आणि त्याचं उत्तर सांदवाडीत नाही. ते नुकसानभरपाईत, कुंपणात आणि जंगलालगतच्या जमिनीच्या वापरात शोधावं लागेल. पण त्या दोन प्राण्यांमुळे ‘वन्यजीव’ हा शब्दच आपल्याकडे एक तर नुकसान करणाऱ्यांसाठी नाही तर वाघासाठी राखून ठेवला गेला. 2019 साली टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा सगळ्या देशाने बुलढाण्याकडे पाहिलं. त्या सुमारे 205 चौरस किलोमीटरच्या जंगलाचा मला अभिमान वाटतो. तरी जिल्ह्यातल्या बहुतेक लेकरांच्या वाट्याला तो वाघ कधी येणार नाही. त्यांच्या वाट्याला शिंजीर येईल, खार येईल, चिमणी येईल, रुईवरची अळी येईल. आणि या जिवांनी कुणाचं पीक लोळवलेलं नाही.

आता वसंताचं. श्रावणात फुलं जास्त, हे मी मान्य करतो. पण तेव्हा ओल सगळीकडे असते, म्हणून जीवही सगळीकडे पांगलेले असतात. फाल्गुनापासून नाले आटतात, गवत वाळतं, आणि ओल उरते ती माणसाच्या वस्तीत : न्हाणीच्या मोरीपाशी, हापशाखाली, रांजणाच्या बुडाशी. केळ, कर्दळ आणि अळू तिथेच हिरवे राहतात, आणि रानातले पुष्कळ जीव त्या ओलीकडे सरकतात. कुंभारीण माशी घरट्यासाठी तिथला चिखल नेते. शिंपी पक्षी कर्दळीची पानं शिवतो. शिंजिराची मादी कोळिष्टकाचे धागे आणि सालीचे तुकडे जमवून वाळणाच्या तारेला किंवा बुटक्या फांदीला लोंबतं घरटं बांधते. तांबट आपली टुक-टुक सुरू करतो आणि शेवग्याची वाळकी फांदी कुणी छाटली नसेल तर तिच्यात गोल भोक पाडून राहतो. कोकीळ ओरडतो तो याच दिवसांत, कारण कावळ्याचं घरटं आता होणार आहे. म्हणजे सांदवाडीकडे बघायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ कोणता, तर जेव्हा बाहेर रखरखीत असतं तो. फुलंही अगदीच नाहीत असं नाही. कंबरमोडीची फिकट पिवळी फुलं बारमाही असतात, भुईरिंगणी वाळक्या जमिनीला चिकटून जांभळी फुलते, पिवळा धोतरा उकिरड्याच्या कडेला उभा असतो, रुई तर उन्हातच खुलते. रुईच्या पानाखाली पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडली तर ती केशरी पंखांच्या एका फुलपाखराची असते. रुईचा चीक विषारी, अळी तो खाऊन विष अंगात साठवते, आणि मग फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे सगळं घराच्या भिंतीपासून दहा पावलांवर घडतं.

आणि पळस आहेच. तो सांदवाडीत नसेल, धुऱ्यावर असेल, पण सांदवाडीचं आणि त्याचं नातं तुटलेलं नाही. पळसाच्या फुलाला वास नाही, मध मात्र भरपूर. त्यावर साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि मध्य आशियातून थंडीला आलेल्या भोरड्या, सगळे तुटून पडतात. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की एवढ्या गर्दीत परागकण नीट पोचवणारा पक्षी एकच, जांभळा शिंजीर, आणि त्याच्या जोडीला खार. बाकीचे बहुतेक मध पिऊन जातात. कुणाच्या अंगणात शिंजिराचं लोंबतं घरटं शाबूत राहिलं, तर धुऱ्यावरच्या पळसाला शेंग धरण्यात त्या घराचाही हात असतो. तुमच्याकडे पळसाच्या पानांच्या पत्रावळी झाल्या, रंगपंचमीला त्याच्या फुलांचा रंग झाला. त्या झाडाच्या पुढच्या पिढ्या एवढ्याशा पक्ष्यावर टेकलेल्या आहेत, हे लेकरांना कधी आणि कोण दाखवणार?

वहिनी : दाखवायचं तर शाळेत दाखवा. आणि हे ‘वार पाळणं’ तुम्ही आणलं कुठून? शब्बाथ यहुद्यांचा, रविवार साहेबाचा. आमच्या घरात त्याचं काय काम?

भाऊजी : यहुद्यांचा म्हणता, पण तो मराठीतच पाळला गेला आहे, वहिनी, आणि शेकडो वर्षं. कोकणात अलिबागच्या आसपास बेने इस्रायली लोक घाण्यावर तेल गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचे ग्रंथ, त्यांची भाषा, त्यांचे गुरू बहुतेक हरवले होते, आणि तरी तो वार राहिला. माझ्या म्हणण्याला याहून भक्कम आधार मला दुसरा दिसत नाही : ज्ञान हरवलं तरी घरातली रीत टिकते, आणि रीत टिकली की ज्ञान पुन्हा तिच्याभोवती गोळा होऊ शकतं. तुम्ही शाळेत दाखवा म्हणता. शाळा पक्ष्याचं नाव शिकवील, पण दर आठवड्याला त्याच फांदीकडे बघण्याची रीत फक्त घर लावू शकतं.

त्या शब्बाथाच्या नियमात एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं लक्ष गेलेलं नाही. यहुदी परंपरा त्या दिवशी 39 प्रकारची कामं वर्ज्य मानते, आणि त्यांत कापणी आहे, शिकार आणि पकडणंही आहे. म्हणून फूल खुडणं, झाडाची फांदी मोडणं, फुलपाखरू मुठीत धरणं, सगळं त्या दिवशी मना. माणसाने दमला म्हणून झोपावं एवढाच त्या विसाव्याचा अर्थ नाही. बायबलमधल्या ‘निर्गम’ ग्रंथात बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा हे कारण स्पष्ट दिलं आहे, आणि सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिच्यावर आपोआप उगवलेलं आधी गरिबांना आणि मग रानातल्या जनावरांना राहू द्यावं असंही सांगितलं आहे. 1948 नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्या देशात वसंतात सुट्टीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं माळावर जात आणि रानफुलांचे जुडगे तोडून आणत. 1960 च्या दशकात तिथल्या निसर्गरक्षण संस्थेने शाळा आणि घरांमधून ‘तोडू नका’ची मोहीम चालवली, 1963 च्या कायद्याचं संरक्षणही मिळालं, आणि एका पिढीत लोकांची सवय पालटली. आज लाल फुलांनी भरलेले तिथले माळ लोक पाहायला जातात आणि हात न लावता परततात. सवय पालटायला एक पिढी पुरली, हे त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडचा रविवारही साहेबाने दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. 24 एप्रिल 1890 ला सुमारे दहा हजार मजूर सभेला जमले, त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. सहा वर्षं झगडून मिळवलेला दिवस आहे तो. त्याआधीपासून कास्तकारही बैलाला असा दिवस देत आला आहे. अमावस्येला औत न धरण्याची रीत तुमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, आणि पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायला कुणी धजणार नाही. माणसाने गिरणीत सुट्टी मिळवली, बैलाला पोळा दिला. जमिनीच्या ज्या तुकड्यावर घर उभं आहे त्या तुकड्याला मात्र आपण असा एकही दिवस दिलेला नाही. उलट रविवार आला की सांदवाडी साफ करायचा दिवस आला, असं होतं. हातात वेळ असतो म्हणून त्या दिवशी झाड छाटलं जातं, घरटं ‘कचरा’ म्हणून खाली येतं, आणि अलीकडे पंपात उरलेलं तणनाशकही तिथेच मारलं जातं.

वहिनी : आणि देवाला फुलं? तुमच्या त्या वाराला देव्हारा रिकामा ठेवायचा का?

भाऊजी : नाही. जास्वंद, झेंडू, तगर आपण पूजेसाठीच लावतो, ती सकाळी तोडावीत किंवा आदल्या संध्याकाळी पाण्यात ठेवावीत. पण न तोडण्याचा वार आपल्या पूजेलाही परका नाही. पुष्कळ घरांत रविवारी तुळस तोडत नाहीत, द्वादशीलाही नाही. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावला तर आजी ओरडते, झाड झोपलंय म्हणते. तुळशीला दिलेला तो मान सांदवाडीतल्या बिनलावलेल्या रोपांपर्यंत एका दिवसापुरता वाढवा, एवढंच मागणं आहे. मराठी ख्रिस्ती घरं रविवारी शब्बाथ मानतात, आणि त्याच समाजातल्या ना. वा. टिळकांना महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणतो. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता देव्हाऱ्यातल्या फुलावर नाही, रानातल्या फुलावर आहे. निरनिराळ्या श्रद्धांची माणसं एकाच ठिकाणी येऊन पोचतात, तेव्हा त्या ठिकाणी काही तरी सत्य असावं असं मला वाटतं.

वहिनी : सत्य असेल. पण गवत माजलं की साप येतो, दगडाखाली विंचू असतो, गाजरगवताने अंगाला खाज सुटते. लहान लेकरांना घेऊन तिथे बसा म्हणणं सोपं आहे.

भाऊजी : भीती खोटी नाही. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसं दगावतात असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. पण हे मृत्यू सर्वांत जास्त पावसाळ्यात होतात, आणि साप घराकडे ओढला जातो तो उंदरांमुळे. उंदीर फुलांत राहत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाटीत, कुटारात, सांडलेल्या धान्यात राहतात. तेव्हा ढीग भिंतीपासून लांब हलवा, दगड रचून ठेवू नका, लेकराच्या पायात चप्पल हवीच. आणि शब्बाथाच्या कडक नियमांतही जिवाला धोका असेल तर नियम मोडावा, असाच नियम आहे. गाजरगवत तर काढलंच पाहिजे. ते परदेशातून आलेलं तण 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढे देशभर पसरलं. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं, फक्त ते काम इतर सहा दिवसांत करावं. रायमुनियाचंही तेच. काहीच साफ करू नका असं मी म्हणत नाही. सगळं साफ करू नका, आणि तणनाशकाने करू नका, असं म्हणतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक कास्तकार-मजूर दगावले. वावरात आपण जे विष नाइलाजाने मारतो, ते लेकरं खेळतात त्या जागेत आणायचं काही कारण नाही.

चिमणीचं उदाहरण घ्या. मोठी चिमणी दाणे खाते, म्हणून आपण तिला तांदूळ टाकतो आणि समाधान मानतो. पण अंड्यातून निघालेल्या पिलाला पहिले काही दिवस किडे आणि अळ्याच लागतात. अळी लागते म्हणजे पान लागतं, पान लागतं म्हणजे आपण ज्याला तण म्हणतो ते थोडं लागतं. झाडून, फवारून चकचकीत केलेल्या अंगणात दाण्याचं ताट भरलेलं असूनही पिलू उपाशी राहू शकतं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो, म्हणजे ऐन वसंतात. आणि चिमणी संपली असा जो समज आहे, तो 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने दुरुस्त केला : मोठ्या शहरांत ती घटली, पण देशभराचा विचार केला तर टिकून आहे. हा निष्कर्ष निघाला कशावरून, तर सुमारे 15,500 पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवरून. त्यांतले पुष्कळ जण हौशी. सांदवाडीत बसून वहीत लिहिलेली ओळ वाया जात नाही. पक्षितज्ज्ञ चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून महाराष्ट्र 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतो, तो हवाच. पण पिलं असतात ती वसंतात, आणि त्या वेळी आपण बघत नाही.

वहिनी : तुम्ही सापाचं उत्तर दिलंत, देवाचं दिलंत. आता माझं ऐका. रविवारी सगळे घरी, म्हणून रविवारी माझं काम दुप्पट. लोखंड्यांनी सुट्टी मिळवली ती गिरणीतली. चुलीपासून कुणी मिळवली? तुम्ही सगळे बाजेवर बसून शिंजीर बघणार आणि मी आतून चहा आणणार, असलाच वार असेल तर तो मला नको.

भाऊजी : या आक्षेपापुढे माझं आतापर्यंतचं सगळं म्हणणं अपुरं आहे, हे मी मान्य करतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, तर करणाऱ्या पुरुषांचे 97. आणि हे काम करणारे पुरुषच मुळात शंभरात 26, स्त्रिया मात्र शंभरात 81. ज्या विसाव्यात दासीचा आणि बैलाचाही विचार आहे, तो घरातल्या बाईला वगळून पाळला तर त्याचा पायाच निखळतो. यहुदी घरांत शब्बाथाला विस्तव पेटवत नाहीत, जेवण आदल्या दिवशीच होतं. खामगावात मारवाडी घरं आहेत, त्यांच्यात होळीनंतर सातव्या-आठव्या दिवशी शीतलेची पूजा होते आणि त्या दिवशी चूल थंड असते, सगळे आदल्या रात्रीचं खातात. श्रावणातल्या शिळा सप्तमीलाही तेच. ऐन वसंतात, वर्षातून एक दिवस का होईना, चूल न पेटवण्याला आपल्या शेजारच्या घरातच मान्यता आहे. मला तो दिवस आठवड्याचा करायचा आहे.

वहिनी : आदल्या रात्रीचा स्वयंपाकही मीच करणार ना? शिळं खाल्लं म्हणून काम कमी होत नाही, शनिवारवर ढकललं जातं.

भाऊजी : म्हणून शनिवारी रात्री भाकरी घरातल्या पुरुषांनी थापायच्या. येत नसतील तर शिकायच्या, तोवर खिचडी टाकायची. भांडीही त्यांनीच घासायची, आणि रविवारी सकाळी सांदवाडीत पहिली बाज टाकायची ती तुमच्यासाठी. ज्या घरात एवढं ठरत नाही, त्या घराने हा वार पाळू नये. तिथे तो सुरू करा असं मी कुणाला सांगणार नाही.

वहिनी : मग पाडव्यानंतरच्या रविवारी बघू. पण जागा मी ठरवणार. शेवग्याखाली सावली लवकर जाते, न्हाणीच्या बाजूला कडुलिंब आहे, तिथे बसायचं. मोहोर अंगावर पडतो, पडू द्या. आणि शेवग्याची ती वाळकी फांदी मी शनिवारी तोडून घेणार होते, चुलीला.

भाऊजी : तिच्यात भोक पडलंय का ते आधी बघा. तांबट बसला असेल तर या शनिवारी नको, पुढच्याही नको. पिलं उडून गेली की फांदी तुमचीच आहे.

वहिनी : किती दिवस लागतात?

भाऊजी : ते मी सांगण्यापेक्षा लेकरांना मोजू द्या.